निर्वासित अपंगांची गणना : सहा प्रश्नांच्या भाषेचा विचार

निर्वासितांपैकी अपंग व्यक्तींना कोणत्या सोयी व संधी मिळाव्यात, हा विषय सामान्यतः समाजकार्याचा वा विधिशास्त्राचा मानला जातो. परंतु अपंग कोण, हे ठरविण्याचे काम प्रथम प्रश्नावलीकडे येते. आणि प्रश्नावली ही भाषिक रचना होय. म्हणून तिचे परीक्षण भाषाभ्यासकाच्या कक्षेबाहेरचे नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाच्या छत्राखाली २००१ साली स्थापन झालेल्या वॉशिंग्टन गटाने जनगणनेसाठी सहा प्रश्न सिद्ध केले. निर्वासितांच्या पाहण्यांतही ते वापरले जातात. पाहणे, ऐकणे, चालणे वा पायऱ्या चढणे, स्मरण व एकाग्रता, स्वतःची निगा आणि संज्ञापन या सहा क्रियांत अडचण येते काय, असे ते विचारतात. उत्तरे चार : अडचण नाही, थोडी आहे, पुष्कळ आहे, मुळीच जमत नाही.

या रचनेचा मोठा गुण असा की, तीत ‘अपंग’ हा शब्दच येत नाही. या शब्दाला लज्जेची छटा चिकटलेली असल्यामुळे कुटुंबे ‘नाही’ म्हणून मोकळी होतात. क्रियेविषयी विचारले असता मात्र खरे उत्तर मिळण्याचा संभव वाढतो. व्यक्तीला नाव न देता तिची अडचण विचारावी, ही दृष्टी निःसंशय स्तुत्य होय.

तथापि या प्रश्नांमागे स्थिर जीवनाचे गृहीत आहे. चष्मा लावूनही दिसण्यास अडचण येते काय, असे विचारताना चष्मा पळापळीत हरवलेला नाही, हे धरून चाललेले असते. २०१७ च्या ऑगस्टपासून सात लाखांहून अधिक रोहिंग्या म्यानमारच्या राखाइन प्रांतातून बांगलादेशात आले. त्यांपैकी पुष्कळ जण राहतात त्या कुतुपालाँग परिसरात टेकड्यांच्या उतारांवर बांबू-ताडपत्रीची घरे आहेत. गावी सपाटीवर काठी टेकीत फिरणारा वृद्ध येथे पावसाळ्यात निसरड्या उतारावरून शौचकूपापर्यंतही जाऊ शकणार नाही. त्याचे पाय तेच आहेत. बदलली आहे ती जमीन. उत्तर मात्र त्याच्या पायांच्या नावे नोंदले जाते.

सहावा प्रश्न सर्वांत विचारणीय आहे. आपल्या नेहमीच्या भाषेत समजून घेण्यास वा समजावून देण्यास अडचण येते काय, असा त्याचा आशय. समजा, शाळेत कधी न गेलेली एक बहिरी स्त्री घरच्यांशी घरातच रुळलेल्या खुणांनी बोलत असे आणि त्या खुणा जाणणारी माणसे वाटेत दुरावली. तिची ‘नेहमीची भाषा’ आता कोणती? नोंद घेणारा शेजारणीला विचारतो आणि ‘मुळीच जमत नाही’ असे लिहितो. वस्तुतः संज्ञापन ही दोघांमधील क्रिया आहे. तिच्यातील खंड एकीच्याच माथी मारणे, हा येथील दोष होय. त्याचे परिणाम व्यवहारात उमटतात : दुभाष्याची गरज असलेली व्यक्ती अक्षम ठरते आणि शिक्षण वा कामाच्या यादीतून तिचे नाव गळते.

अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २००६ च्या आंतरराष्ट्रीय कराराने दुसऱ्याच कलमात ‘भाषा’ या संज्ञेत खुणांच्या भाषांचा समावेश केला आहे, आणि अकराव्या कलमात आपत्काळातील संरक्षणाचे दायित्व राज्यांवर ठेविले आहे. बांगलादेशाने १९५१ चा निर्वासितविषयक करार स्वीकारलेला नाही. परंतु हा करार त्याने २००७ मध्ये मान्य केला. भारताचीही स्थिती तीच आहे. तेव्हा या देशांत निर्वासित अपंगाचा कायदेशीर आधार त्याच्या निर्वासितपणापेक्षा अपंगत्वाच्या करारात अधिक आहे. ज्या नोंदीवर हा आधार व्यवहारात उभा राहावयाचा, तिची भाषा सदोष असणे म्हणूनच परवडणारे नाही.

हे सहा प्रश्न लोकसंख्येची तुलना करण्यासाठी आहेत, व्यक्तीची गरज ठरविण्यासाठी नव्हेत, असा आक्षेप येईल. तो योग्यच आहे. परंतु छावणीत गणनेची नोंदच मदतीची यादी बनू लागली की हा भेद टिकत नाही. प्रश्न टाकून द्यावेत, असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे नाही. ‘पुष्कळ’ वा ‘मुळीच नाही’ असे उत्तर आल्यास आणखी तीनच गोष्टी नोंदाव्यात : उत्तर कोणी दिले, अडचण कोठे व कोणाशी येते, आणि काय मिळाल्यास ती दूर होईल. एवढ्याने नोंदीचा कर्ता बदलेल. आणि ज्या स्त्रीविषयी आज शेजारीण बोलते, तिला स्वतः बोलण्यास अवसर मिळेल.