इंग्रजी कर्मणी रचना आणि तिचे विशेषक : ‘व्हॉइस’विषयक रूढ नियमांची चिकित्सा

प्रस्तावना

इंग्रजी व्याकरणाच्या अध्यापनात ‘पॅसिव्ह व्हॉइस’ हा घटक दोन नियमांच्या आधारे शिकविला जातो. पहिला नियम वर्गातला आहे. कर्तरी वाक्यातील कर्म कर्त्याच्या जागी आणावे, ‘बी’ या सहायक क्रियापदाचे योग्य रूप व मुख्य क्रियापदाचे तिसरे रूप योजावे आणि मूळ कर्ता ‘बाय’ लावून वाक्याच्या शेवटी ठेवावा. असे केल्याने वाक्याचा अर्थ बदलत नाही, असे हा नियम सांगतो. दुसरा नियम लेखनमार्गदर्शक पुस्तकांतला आहे : कर्मणी रचना शक्यतो टाळावी. जॉर्ज ऑर्वेल यांनी १९४६ मध्ये राजकारण व इंग्रजी भाषा यांच्या संबंधावर लिहिलेल्या निबंधात या सल्ल्याला नियमाचेच रूप दिले.

हे दोन्ही नियम केवळ क्रियापदाकडे पाहतात. त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या क्रियाविशेषणाकडे व विशेषणाकडे त्यांचे लक्ष जात नाही. वस्तुतः इंग्रजी कर्मणी वाक्य कोणत्या प्रकारचे आहे, ते काय सांगते आणि काय लपविते, हे बहुतांशी या विशेषकांवरूनच कळते. प्रस्तुत लेखात याच दृष्टीने उपरोक्त नियमांची चिकित्सा केली आहे.

क्रिया की अवस्था?

‘द डोअर वॉज क्लोज्ड’ या वाक्याचे दोन अर्थ संभवतात : ‘दार बंद केले गेले’ आणि ‘दार बंद होते’. पहिल्या अर्थी ‘क्लोज्ड’ हे क्रियापदाचे रूप असून दुसऱ्या अर्थी ते विशेषण आहे. मराठी या दोन अर्थांसाठी दोन वेगळ्या रचना वापरते, तर इंग्रजीत रूप एकच राहते व निवाडा विशेषक करतात. ‘क्विकली’ हे क्रियाविशेषण आले की क्रिया समोर उभी राहते. ‘स्टिल’ आले की अवस्था. ‘द शॉप इज क्लोज्ड अॅट एट’ या वाक्यात आठ वाजता दुकान बंद करण्याची क्रिया सामान्यतः अभिप्रेत असते, तर ‘अंटिल एट’ म्हटल्यास आठपर्यंतची बंद अवस्था.

प्रमाणदर्शक क्रियाविशेषणांची कसोटी याहून स्पष्ट आहे. ‘व्हेरी’ हा शब्द विशेषणापूर्वी येतो. म्हणून ‘शी वॉज व्हेरी वरीड’ हे वाक्य सहज वाटते. ‘ही वॉज व्हेरी क्रिटिसाइज्ड’ हे मात्र कानाला खटकते. तेथे ‘मच’, ‘सिव्हिअरली’ किंवा ‘वाइडली’ असा शब्द लागतो. ‘सीम’ आणि ‘रिमेन’ ही क्रियापदेही हाच भेद दाखवितात. ‘शी सीम्ड वरीड’ म्हणता येते, परंतु ‘ही सीम्ड अरेस्टेड’ हे वाक्य अडखळते. ‘अन्’ हा उपसर्ग आणखी एक खूण आहे. इंग्रजीत ‘अनइनहॅबिट’ असे क्रियापद नाही. त्यामुळे ‘द आयलंड वॉज अनइनहॅबिटेड’ हे वाक्य कितीही कर्मणी दिसले तरी त्याला मूळ कर्तरी वाक्यच नाही.

थॉमस वासो यांनी १९७७ मध्ये हा भेद सैद्धान्तिक पातळीवर मांडला व विशेषणरूप कर्मणीचे स्थान शब्दकोशात असल्याचे प्रतिपादन केले. क्वर्क, ग्रीनबॉम, लीच व स्वार्टविक यांच्या १९८५ च्या बृहद्‌व्याकरणात ही दोन टोके मानून त्यांच्यामधील पायऱ्यांची चढण दाखविली आहे. ‘शी वॉज व्हेरी वरीड बाय द न्यूज’ यासारख्या वाक्यात ‘व्हेरी’ आणि ‘बाय’ एकत्र नांदतात. त्यामुळे ही श्रेणीची कल्पना अधिक वास्तव ठरते.

क्रियाविशेषणाचे स्थान

‘ही बिल्ट द हाउस बॅडली’ या कर्तरी वाक्यात रीतिवाचक क्रियाविशेषण शेवटी येते. ‘ही बॅडली बिल्ट द हाउस’ ही रचना स्वीकारार्ह वाटत नाही. कर्मणी वाक्यात मात्र ‘द हाउस वॉज बॅडली बिल्ट’ असा, क्रियापदाच्या अगदी अलीकडचा क्रम स्वाभाविक ठरतो. ‘वेल’ या शब्दाचेही तसेच आहे. एकापेक्षा अधिक सहायक क्रियापदे असल्यास असे क्रियाविशेषण सर्वांत शेवटच्या सहायकानंतर बसते : ‘हॅज बीन केअरफुली एक्झॅमिन्ड’. केवळ कर्ता-कर्मांची अदलाबदल शिकलेला विद्यार्थी हे स्थानांतर करीत नाही, कारण त्याच्या नियमात ते नाहीच.

नामापूर्वी येणाऱ्या धातुसाधितांच्या बाबतीत तर विशेषकावाचून अडते. ‘अ बिल्ट हाउस’ हा प्रयोग विचित्र वाटतो, ‘अ वेल-बिल्ट हाउस’ किंवा ‘अ रीसेंटली बिल्ट हाउस’ वाटत नाही. प्रत्येक घर बांधलेलेच असते. तेव्हा ‘बांधलेले’ एवढे सांगून माहितीत भर पडत नाही. कसे बांधले किंवा केव्हा बांधले, हे सांगणारा शब्द आला की रचनेला प्रयोजन मिळते.

क्रियाविशेषणाच्या जागी विशेषण योजल्यास अर्थ कसा पालटतो, हेही पाहण्यासारखे आहे. ‘द टी वॉज सर्व्हड कोल्ड’ म्हणजे चहा थंड होता. ‘द गेस्ट वॉज रिसीव्हड कोल्डली’ म्हणजे स्वागतात आपुलकी नव्हती. पहिल्या वाक्यातील विशेषण वस्तूला लागते, दुसऱ्यातील क्रियाविशेषण वागणुकीला. ‘द प्रिझनर वॉज फाउंड गिल्टी’, ‘द गेट वॉज लेफ्ट ओपन’ या वाक्यांत कर्तरी वाक्यातील कर्मपूरक विशेषण कर्मणीत उद्देश्याचे पूरक होते. कर्मणी क्रियापदानंतर नेहमी क्रियाविशेषणच येते, असे समजून ‘लेफ्ट ओपनली’ लिहिणारा विद्यार्थी नियम मोडत नाही. अपुरा नियम पाळतो.

अर्थ खरोखर तोच राहतो का?

‘द नर्स रिलक्टंटली एक्झॅमिन्ड द पेशंट’ या वाक्यात नाखुशी परिचारिकेची आहे. रूपांतरानंतर ‘द पेशंट वॉज रिलक्टंटली एक्झॅमिन्ड बाय द नर्स’ असे वाक्य होते. आता नाखुशी परिचारिकेची असू शकते, तशीच रुग्णाचीही. क्रियाविशेषण ‘वॉज’च्या आधी नेले, तर ती रुग्णाचीच ठरण्याकडे कल वाढतो. रे जॅकेनडॉफ यांनी १९७२ मध्ये अशा कर्तृलक्ष्यी क्रियाविशेषणांचे विश्लेषण केले आहे. नोम चॉम्स्की यांनीही १९५७ मध्ये, कर्मणी रूपांतराचा नियम मांडतानाच, संख्यावाचक शब्द असलेल्या वाक्यांत रूपांतराने अर्थ बदलू शकतो हे नोंदविले होते. ‘अर्थ बदलत नाही’ या शालेय आश्वासनाला सिद्धान्ताचा आधार नाही.

मराठीभाषक विद्यार्थ्यासमोर आणखी एक अडचण उभी राहते. ‘मुलीने आंबा खाल्ला’ हा मराठी व्याकरणानुसार कर्मणी प्रयोग आहे, कारण क्रियापद कर्मानुसार बदलते. त्याचा इंग्रजी प्रतिरूप मात्र कर्तरीच आहे. इंग्रजी रचनेशी साम्य आहे ते ‘आंबा मुलीकडून खाल्ला गेला’ या, शालेय व्याकरणात ‘नवीन कर्मणी’ म्हटल्या जाणाऱ्या प्रयोगाचे. ‘कर्मणी प्रयोग म्हणजेच पॅसिव्ह व्हॉइस’ असे समीकरण फळ्यावर मांडले की गोंधळाची सुरुवात तेथेच होते.

कर्मणी रचनेवरील आरोप

कॉर्नेल विद्यापीठातील प्राध्यापक विल्यम स्ट्रंक यांचे ‘द एलिमेंट्स ऑफ स्टाइल’ हे छोटेखानी पुस्तक १९१८ चे, ई. बी. व्हाइट यांनी केलेली त्याची सुधारित आवृत्ती १९५९ मध्ये आली. कर्तरी प्रयोगाचा पुरस्कार करणाऱ्या विभागात तेथे सुधारणा करण्याजोग्या वाक्यांची चार उदाहरणे एकत्र दिली आहेत. जेफ्री पुलम यांनी २००९ मध्ये दाखवून दिले, की त्यांपैकी तीन वाक्ये कर्मणी नाहीतच. एका वाक्यात ‘सॉरी’ हे शुद्ध विशेषण आहे. दुसऱ्यात ‘बिकेम’नंतर धातुसाधित विशेषण आले आहे. पुस्तकाच्या बाजूने एवढे म्हणता येईल, की त्याचा रोख एकूणच निस्तेज वाक्यांवर होता. तथापि, तसा भेद वाचकाला स्पष्ट करून दिलेला नसल्याने, ‘बी’ दिसले की कर्मणी समजून खोडावे, हीच शिकवण पुढे रूढ झाली.

कर्मणी रचना जबाबदारी लपविते, हा आरोपही विशेषकांच्या साक्षीने तपासला पाहिजे. ‘द शिप वॉज डेलिबरेटली संक’ या वाक्यात कर्त्याचे नाव नाही, पण ‘डेलिबरेटली’ या एका शब्दाने कोणीतरी जाणूनबुजून जहाज बुडविले, हे निःसंशय कळते. ‘द शिप संक’ हे वाक्य कर्तरी आहे. त्यात ‘डेलिबरेटली’ बसत नाही, कारण तेथे बुडविणारा कोणी उरलेलाच नाही. तात्पर्य, जबाबदारी पुसण्याचे काम कर्तरी वाक्यही करते आणि कधी कधी अधिक सफाईने करते. चौकशी अहवाल किंवा वृत्त वाचताना ‘व्हॉइस’ मोजण्याऐवजी हेतुवाचक शब्द कोठे आहे व कोठे गाळला आहे, हे पाहणे अधिक उद्बोधक ठरते.

निष्कर्ष

१. इंग्रजी कर्मणी रचना ही कर्तरी वाक्याची उलटी बाजू नाही. तिला क्रियाविशेषणांचा स्वतःचा क्रम आणि विशेषणांशी स्वतःचे नाते आहे.

२. ‘बी’ आणि तिसरे रूप एवढ्यावरून रचनेचा निर्णय करता येत नाही. ‘व्हेरी’, ‘मच’, ‘स्टिल’, ‘सीम’ आणि ‘अन्’ या कसोट्या पदवीच्या वर्गातही सहज वापरता येतात.

३. रूपांतराच्या प्रश्नांत विशेषक असलेली वाक्ये द्यावीत आणि रूपांतरानंतर अर्थात काय फरक पडला, हे विचारावे. त्यामुळे यांत्रिक कवायतीच्या जागी अर्थविचार येईल.

४. विद्यार्थ्यांच्या अथवा संशोधकांच्या लेखनातील कर्मणी रचनेवर केवळ ती कर्मणी आहे म्हणून लाल रेघ ओढणे न्याय्य नाही. तिच्या शेजारचा शब्द वाचल्याशिवाय तिच्यावर निर्णय देता येत नाही.