रिंगण, रंगमंच आणि रात्र : यवतमाळ जिल्ह्यातील उत्सवी प्रयोगांचा एक विचार

मराठी नाट्यसमीक्षा प्रयोगाकडे बहुधा संहितेच्या वाटेने जाते. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ सादर केले, तेथून तिचा इतिहास सुरू होतो. तमाशा, दशावतार, गोंधळ हे प्रकार या इतिहासाची पूर्वपीठिका म्हणून, अथवा ‘लोकनाट्य’ या ऐसपैस सदराखाली येतात. या मांडणीत दोन गोष्टी गृहीत असतात. प्रयोगाची आणि प्रेक्षकाची भाषा एकच असते, ही पहिली. आणि प्रयोगाची वेळ ही केवळ सोयीची बाब असते, ही दुसरी. यवतमाळ जिल्ह्यातील रात्रीचे उत्सवी प्रयोग ही दोन्ही गृहीते अडचणीत आणतात.

जिल्ह्याची भाषिक स्थिती येथे प्रथम ध्यानात घ्यावी लागते. वऱ्हाडीसोबतच बंजारा तांड्यांची गोरबोली, गोंडी, कोलामी, उर्दू आणि दक्षिणेकडील तेलुगू यांचा येथे नित्य वावर आहे. यांपैकी गोंडी, कोलामी आणि तेलुगू या द्रविड कुळातील. पैनगंगेपलीकडचा आदिलाबाद प्रदेश १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, त्यानंतर तो आंध्र प्रदेशात आणि २०१४ पासून तेलंगणात आहे. अलीकडचा यवतमाळ १९५६ साली मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला. नदी प्रशासकीय सीमा झाली. गोंड-कोलामांच्या सोयरिकीला आणि सणांना तिने सीमा घातली नाही.

दंडार हे याचे ठळक उदाहरण. मराठी वाचकाला हा शब्द मुख्यतः झाडीपट्टीतील, पुरुषांनीच स्त्रीभूमिका वठवण्याची परंपरा असलेल्या मराठी प्रयोगामुळे परिचित आहे. केळापूर, झरी जामणी या तालुक्यांत आणि पैनगंगेपार मात्र तो गोंड-कोलामांच्या दिवाळीतील नृत्यपरंपरेचा वाचक ठरतो. मोरपिसांचा भव्य मुकुट घातलेले घुसाडी, त्यांच्यासोबतचा नर्तकांचा मेळ आणि वाजंत्री असा हा समूह एका गावाहून दुसऱ्या गावी पाहुणा म्हणून जातो. यजमान गाव त्याचे स्वागत करते, त्याला जेवू घालते आणि त्याच्या रिंगणात सामील होते. आज पाहणारे गाव उद्या नाचणारे असू शकते. ‘प्रेक्षक’ ही संज्ञा येथे एखाद्या स्थायी गटाला लावता येत नाही. ती पाळीपाळीने येणारी भूमिका आहे.

लेंगीची रचना वेगळी, परंतु प्रश्न तोच. पुसद, दिग्रस, दारव्हा या भागांतील तांड्यांत होळीपूर्वी नायकाच्या संमतीने लेंगी सुरू होते. डफाच्या ठेक्यावर स्त्री-पुरुष गातात, एकमेकांना गाण्यातूनच डिवचतात, उत्तरे देतात. अनेक तांड्यांत होळी पेटते ती पहाटे. त्यामुळे रात्र ही त्या ज्वाळेपर्यंत पोचण्याची वाट ठरते. प्रयोग रात्री होतो, एवढे म्हणणे पुरेसे नाही. रात्रीचा क्रम हाच प्रयोगाचा क्रम आहे. दोन तासांचा ‘लेंगीचा कार्यक्रम’ गाणी सांभाळू शकेल, हा क्रम सांभाळू शकणार नाही.

अशा ठिकाणी मिखाइल बाख्तीन यांच्या कार्निव्हल-संकल्पनेचा आधार घेण्याचा मोह स्वाभाविक आहे. राबलेवरील त्यांच्या १९६५ च्या ग्रंथाने उत्सवातील हास्य, देह आणि श्रेणींची उलथापालथ यांना सैद्धांतिक प्रतिष्ठा दिली. लेंगीतील थट्टेला ही संकल्पना काही अंशी लागू पडते. परंतु कार्निव्हलमध्ये जी अधिकृत संस्कृती तात्पुरती स्थगित होते, तिची जागा तांड्यात कोणाकडे आहे? नायक तर स्वतःच संमती देणारा असतो. दंडारीत पाहुणचार आणि नातेसंबंधांची बंधने सैल होण्याऐवजी दृढ होतात. व्हिक्टर टर्नर यांची ‘उंबरठ्या’ची कल्पना सामूहिक एकत्वाचा अनुभव अधिक नेमका पकडते, तथापि त्या एकत्वाच्या कडेला कोण उभे आहे, याचा उलगडा तीही करीत नाही.

येथे ती कड भाषा आखते. गोंडी गीत समजणारा आणि नात्याने जोडलेला मनुष्य रिंगणात ओढला जातो. ते न समजणारा मराठी भाषिक कडेला उभा राहून वेशभूषा व पदन्यास न्याहाळतो. एकाच जागी, एकाच क्षणी एकासाठी रिंगण असते आणि दुसऱ्यासाठी रंगमंच. जे केवळ ‘नृत्य’ म्हणून नोंदले जाते, ते बहुधा या दुसऱ्याच्या जागेवरून दिसलेले असते. कनक राजू या घुसाडी कलावंताला २०२१ साली पद्मश्री मिळाली, ही गौरवाची गोष्ट खरीच; पण पुरस्कार व्यक्तीला ओळखतो, आणि यजमान गावाला ओळखण्याची सोय त्याच्या रचनेत नसते.

यवतमाळ शहरातील दुर्गोत्सव या संदर्भात बोलका आहे. विदर्भाबाहेरही ख्याती असलेल्या या उत्सवात रात्र विद्युत्-रोषणाईची असते. भव्य देखावे पाहत गर्दी मंडळामागून मंडळ फिरते. येथे प्रयोग स्थिर आणि प्रेक्षक फिरता. दंडारीत प्रयोगच प्रवासी. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा हा काळ शांततेचा ठरवला. कर्कश ध्वनिक्षेपकांपासून नागरिकांना संरक्षण देणारा हा नियम आवश्यकच आहे. सांस्कृतिक व धार्मिक प्रसंगांसाठी वर्षातील पंधरापर्यंत दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देण्याची त्यात तरतूदही आहे. मात्र रात्रीचा जो अर्थ हा नियम गृहीत धरतो, तो विश्रांतीचा व अपवादाचा आहे. पहाटेकडे जाणारी लेंगी अशा दिनदर्शिकेत सहज बसत नाही.

देशीवादाने मराठी समीक्षेला आपल्या भूमीकडे पाहावयास शिकविले. तथापि यवतमाळात ‘देशी’ हे एकवचन अपुरे पडते. येथील भूमी एक आहे, तिच्या भाषा अनेक. गोंडी, कोलामी किंवा गोरबोली न जाणता लिहिलेली समीक्षा, कितीही सहानुभूतीने लिहिली तरी, कडेवरचीच राहील. तिने निदान आपण कोठे उभे आहोत हे नोंदवावे. रिंगणात कोण, केव्हा आणि कोणाच्या संमतीने शिरतो, हा प्रश्न संहितेच्या प्रश्नाइतकाच मूलभूत मानला गेला, तर ‘लोकनाट्य’ या सदराची फेरमांडणी तेथूनच सुरू करावी लागेल.