विद्यापीठाचं आयटी नेमकं कोणासाठी?

पीएचडीच्या पाचव्या वर्षी एका सोमवारी सकाळी माझा विद्यापीठाचा ईमेल उघडेना. पासवर्ड चुकला असेल म्हणून तीनदा टाकून बघितला. मग कळलं, खातंच बंद झालंय. का, हे शोधायला चार ऑफिसं फिरावी लागली. संगणक केंद्रात म्हणाले, "आमच्याकडे फक्त नेटवर्क. खाती स्टुडंट पोर्टलवरून येतात." पोर्टल बघणारा कक्ष म्हणाला, "आम्ही डेटा भरत नाही, तो परीक्षा विभागाकडून येतो." परीक्षा विभागातले काका म्हणाले, "मॅडम, पीएचडी आमच्याकडे नाहीच." पीएचडी विभागाने मला परत संगणक केंद्रात पाठवलं. शेवटी ज्या कंपनीने पोर्टल बनवलंय तिच्या हेल्पडेस्कवर तिकीट टाकलं आणि तिथल्या एका मुलाने दहा मिनिटांत कारण सांगितलं.

कारण असं होतं. दरवर्षी नोंदणीचा फॉर्म भरताना 'सेमिस्टर' हा रकाना भरावाच लागतो. कोर्सवर्क सोडलं तर पीएचडीला सेमिस्टर नसतं, पण पोर्टलला ते माहीत नाही, कारण पीएचडीसाठी वेगळा साचा कोणी बनवलाच नाही. बीए-बीकॉमचा तीन वर्षांचा साचा उचलून लावला. त्यात ड्रॉपडाउन एक ते सहा. चौथ्या वर्षी मी 'सहा' निवडलं, पाचव्या वर्षी पुन्हा 'सहा'. पोर्टलने ठरवलं की हिचं शेवटचं सेमिस्टर दुसऱ्यांदा होऊन गेलं, म्हणजे ही आता माजी विद्यार्थिनी. खातं बंद.

चारही ऑफिसातली माणसं बरोबर बोलत होती, कोणी टोलवत नव्हतं. हाच तर मुद्दा आहे. प्रत्येकाचं काम ठरलेलं होतं आणि त्या सगळ्या कामांच्या मधल्या फटीत मी बसत होते. तुम्ही संशोधनाच्या तयारीत असाल तर विषय, गाईड, फेलोशिप यांची चौकशी करताच. विद्यापीठाची आयटी सेवा कशी रचलेली आहे, याची चौकशी कोणी करत नाही. मीही केली नव्हती.

सुरुवात अशी नव्हती, याची गंमत वाटते. आपल्याकडे संगणक आला तो संशोधकांच्या दारातून. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 'टिफरॅक' हे यंत्र १९६० च्या सुमारास तयार झालं ते भौतिकशास्त्रज्ञांची गणितं करायला. आयआयटी कानपूरला १९६३ मध्ये आयबीएम १६२० आलं, तेही शिकवायला आणि संशोधनाला. नेटवर्कचंही तेच. अर्नेट १९८६ मध्ये सुरू झालं तेव्हा त्यात पाच आयआयटी, बंगळूरची आयआयएससी, मुंबईची एनसीएसटी आणि दिल्लीचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग एवढीच मंडळी होती. ग्रंथालयांना जोडणारं इन्फ्लिबनेट १९९१ मध्ये सुरू झालं ते पुण्याच्या आयुकाच्या छत्राखाली, म्हणजे खगोलशास्त्रज्ञांच्या घरात. स्वतंत्र संस्था ते १९९६ मध्ये झालं.

राज्याच्या विद्यापीठांमध्ये मात्र वजन दुसरीकडे झुकलं. लाखो विद्यार्थी, शेकडो संलग्न कॉलेजं, वर्षातून दोनदा परीक्षा. हा डोंगर हाताने उपसणं अशक्यच होतं. २००१ मध्ये स्थापन झालेल्या एमकेसीएलसारख्या कंपनीने अनेक विद्यापीठांचं प्रवेश आणि परीक्षांचं काम ऑनलाइन आणलं, आणि ते गरजेचं होतं, यात वाद नाही. पण त्यातून एक सवय लागली. आयटी म्हणजे परीक्षा, आयटी म्हणजे टेंडर, आयटी म्हणजे बाहेरची कंपनी. संगणक केंद्रात उरले वायफाय बघणारे दोन-तीन जण, बरेचदा अकरा महिन्यांच्या कराराचे.

ही रचना तुटते तेव्हा काय होतं, ते मुंबई विद्यापीठाने २०१७ मध्ये दाखवलं. त्या उन्हाळ्याच्या परीक्षांपासून सगळ्या शाखांच्या उत्तरपत्रिका स्कॅन करून स्क्रीनवर तपासायच्या, असं ठरलं. उत्तरपत्रिका सुमारे १७ लाख, परीक्षा ४७७. कंत्राट देण्याची प्रक्रिया आणि परीक्षा जवळजवळ एकाच वेळी चालू होत्या. निकाल लांबत गेले. कुलपती म्हणून राज्यपालांनी ३१ जुलैची मुदत घातली, ती चुकली. तपासणीसाठी कॉलेजांचे तास बंद ठेवले गेले, नागपूरच्या प्राध्यापकांचीही मदत घेतली गेली. वाणिज्य आणि विधी शाखांची मुलं सगळ्यात जास्त लटकली, विधीचे विद्यार्थी उच्च न्यायालयात गेले. २४ ऑक्टोबरला कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आलं.

या प्रकरणावर भरपूर लिहिलं गेलं, आणि बहुतेक लिखाण दोन रकान्यांत बसतं: कंपनी नालायक होती, किंवा कुलगुरूंनी घाई केली. दोन्हीत तथ्य असेल. मला ते अपुरं वाटतं, कारण दोन्ही उत्तरं माणसांवर थांबतात. घाई करता आली कशी, हा प्रश्न कोणी विचारत नाही.

आता हे बघा. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ हा कायदा १ मार्च २०१७ पासून लागू झाला, म्हणजे या गोंधळाच्या जेमतेम काही आठवडे आधी. त्यात विद्यापीठाच्या प्राधिकरणांच्या यादीत एक 'माहिती तंत्रज्ञान मंडळ' आहे. सॉफ्टवेअर निवडणं, ते बसवणं, ते कसं वापरायचं हे ठरवणं, यासाठी सगळ्यांच्या वर एक छत्री असावी ही त्यामागची कल्पना. चांगली कल्पना आहे. छत्री कायद्यात होती आणि पाऊस परीक्षा विभागात पडत होता. स्क्रीनवर तपासणी करायला प्राध्यापकांना किती वेळ लागेल, स्कॅनिंगचा रोजचा वेग किती हवा, एखाद्या छोट्या शाखेवर आधी प्रयोग करून बघावा का, हे प्रश्न कोणीतरी बसून विचारायची जागा म्हणजे हे मंडळ. नवा कायदा अंगवळणी पडायच्या आत निर्णय होऊन गेला होता.

मंडळाबद्दल माझी स्वतःची एक तक्रार आहे. त्याच यादीत 'संशोधन मंडळ' वेगळं आहे. म्हणजे सॉफ्टवेअरचा विचार एका टेबलावर, संशोधनाचा दुसऱ्या. पीएचडीच्या मुलांना किती जागा लागते, त्यांचा डेटा कुठे राहतो, त्यांच्या खात्याची मुदत किती, हे दोन्ही टेबलांच्या मध्ये पडतं. माझं सहावं सेमिस्टर तिथेच पडलं होतं.

सुसान ली स्टार आणि कॅरन रूहलेडर यांचा १९९६ चा पायाभूत सुविधांवरचा शोधनिबंध संशोधन-पद्धतीच्या तयारीला हमखास वाचावा असा आहे. सूक्ष्म कृमींवर काम करणाऱ्या जीवशास्त्रज्ञांसाठी एक संगणकप्रणाली बनवली होती, त्यांना विचारून, त्यांच्यासाठीच. तरी अनेकांना ती वापरता आली नाही, कारण प्रयोगशाळेत वेगळी मशीनं होती, विद्यापीठाच्या संगणक विभागाशी बोलायची भाषा येत नव्हती, अशा अगदी साध्या गोष्टी. सुविधा ही नुसती वस्तू नसते, कोणाच्या कामात ती बसते यावर ती सुविधा ठरते, असा त्यांचा रोख आहे. एकाला पाण्याचा नळ तो दुसऱ्याला अडथळा. पोर्टल परीक्षा विभागासाठी नळ आहे. ते त्यांच्या कामाला बसतंच.

मग सगळं विभागांच्या हातात द्यावं का? आमच्या विभागात एक सर्व्हर होता, सरांच्या टेबलाखाली. पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेल्या पिवळ्या कागदावर. ज्या सीनिअरने तो बसवला तो पोस्टडॉकला गेला, आणि त्यानंतर कोणी त्याला हात लावला नाही, की बंद पडला तर चालू होणार नाही. हे स्वातंत्र्य मला नको. केंद्रीय सेवा असावी, याच मताची मी आहे. पण केंद्रीय म्हटलं की आपण निवांत होतो, आणि तेही धोक्याचं.

जपानच्या क्योतो विद्यापीठाचं उदाहरण घ्या. तिथे संशोधकांसाठी सुपरकॉम्प्युटर आहे, त्याची साठवण केंद्राकडे, देखभाल पुरवठादार कंपनीकडे. म्हणजे आपल्याला हवी तशी रचना. १४ ते १६ डिसेंबर २०२१ या काळात तिथल्या ७७ टीबी फाइल्स पुसल्या गेल्या, सुमारे ३ कोटी ४० लाख. १४ गटांना फटका बसला, त्यातल्या चार गटांचा डेटा बॅकअपमधूनही परत आणता येणार नव्हता. हल्ला नव्हता, आग नव्हती. जुन्या लॉग फाइल्स काढून टाकणारी एक स्क्रिप्ट होती. ती वाचायला सोपी व्हावी म्हणून तिच्यातल्या व्हेरिएबलची नावं बदलली, आणि जुनी स्क्रिप्ट चालू असतानाच नवी तिच्या जागी ठेवली. बॅश ही स्क्रिप्ट जशी पुढे जाईल तशी वाचत जातं. अर्ध्यात नवी ओळ आली, त्यातल्या व्हेरिएबलला किंमतच नव्हती, आणि लॉगच्या फोल्डरऐवजी संशोधकांच्या फाइल्स पुसायला सुरुवात झाली. (ज्यांनी रात्री अकराला चालू स्क्रिप्टमध्ये "जरा एवढंच" बदललंय, त्यांच्या पोटात इथे गोळा आला असेल. माझ्या आला.)

पण मला या प्रकरणात चुकीपेक्षा पुढचं महत्त्वाचं वाटतं. काय झालं, किती गेलं, कोणाचं गेलं हे विद्यापीठाने जाहीर केलं. एचपीई या कंपनीच्या जपानी शाखेने शंभर टक्के जबाबदारी आमची, असं लिहून दिलं, आणि तांत्रिक कारणासकट ते पत्र लोकांना वाचायला मिळालं. म्हणून तर मी इथे बसून व्हेरिएबलबद्दल लिहू शकते. मुंबईच्या २०१७ बद्दल मला बातम्या मिळतात, आरोप मिळतात, तारखा मिळतात. कुठल्या टप्प्यावर किती उत्तरपत्रिका अडकल्या, कोणता निर्णय कोणत्या बैठकीत झाला, हे एका जागी नीट मांडलेलं वाचून मला माझ्या विद्यार्थ्यांना शिकवता येईल, असं काही माझ्या हाती लागलेलं नाही. एवढी मोठी किंमत मोजून घेतलेला धडा बातम्यांच्या कात्रणांत विखुरलेला आहे.

कोणाला विषय शोधायचा असेल तर इथे पीएचडीचा विषय पडलाय, गंभीरपणे सांगते. विद्यापीठाचं अंदाजपत्रक दरवर्षी अधिसभेपुढे जातं. त्यात संगणकाचा खर्च कोणत्या शीर्षाखाली दाखवलाय बघा: परीक्षा, प्रशासन की संशोधन. टेंडरच्या जाहिराती वाचा, 'वापरकर्ता' म्हणून कोणाकोणाची नावं आहेत ते मोजा. अधिसभेत विचारलेले प्रश्न बघा. नवीन सॉफ्टवेअरच्या परिपत्रकावर सही कोणाची आहे, एवढ्यावरूनही बरंच कळतं. कागद मिळाला नाही तर माहितीचा अधिकार आहेच.

आणि एक क्षेत्र तुलनेला घ्या, जिथे केंद्रीकरण बरं चाललंय: ग्रंथालय. १ जानेवारी २०२५ पासून 'एक देश एक सदस्यता' सुरू झाली, ३० प्रकाशक, सुमारे १३ हजार नियतकालिकं, तीन वर्षांसाठी ६ हजार कोटींची तरतूद. अडचणी त्यातही आहेत, पण निदान वाचक कोण आहे, हे रचना करणाऱ्यांना माहीत होतं. ग्रंथपालाचा संशोधकाशी रोजचा संबंध असतो. परीक्षा विभागाच्या सॉफ्टवेअर कंपनीचा नसतो. मात्र कॅम्पसबाहेरून हे वाचायचं तर विद्यापीठाची ओळख लागते, म्हणजे तोच ईमेल. माझं खातं बंद होतं त्या दिवसांत १३ हजार नियतकालिकं माझ्यासाठीही बंद होती.

साठवणुकीचंही सांगून टाकते, कारण अनेक जण अजून "ड्राइव्हवर अमर्याद जागा आहे" याच समजात आहेत. गूगलने शिक्षणसंस्थांसाठीची अमर्याद जागा २०२२ मध्ये बंद केली. आता मोफत योजनेत पूर्ण संस्थेला मिळून १०० टीबी. वीस हजार खाती असतील तर माणशी ५ जीबी. माझ्या मुलाखतींचं रेकॉर्डिंगच त्यापेक्षा जास्त आहे. कोणाला किती द्यायचं हे प्रत्येक विद्यापीठ आपापलं ठरवतं, आणि ठरवणाऱ्यांच्या डोळ्यापुढे पीएचडीचा विद्यार्थी असेलच असं नाही. प्रवेश घेताना विचारून घ्या: खातं किती वर्षं चालेल, प्रबंध सादर केल्यावर व्हायवापर्यंत चालेल का, बॅकअप कोण घेतं. "बॅकअप आहे" असं उत्तर आलं तर तो शेवटचा कधी उघडून बघितला, हेही विचारा. प्रश्न आगाऊ वाटेल, वाटू दे.

माझं खातं एकोणीस दिवसांनी सुरू झालं. हेल्पडेस्कवरच्या त्या मुलाने हाताने नोंद बदलली आणि फोनवर म्हणाला, "ताई, पुढच्या वर्षी परत येईल हं हे. साचा बदलायला विद्यापीठाचं पत्र लागतं." पत्र कोणी द्यायचं, हे मी चारही ऑफिसांत विचारून आले. गेल्या आठवड्यात या वर्षीचा नोंदणी फॉर्म आला. ड्रॉपडाउन अजून सहापर्यंतच आहे. मी 'सहा' निवडलं, सबमिट दाबायच्या आधी सगळा डेटा दोन हार्ड डिस्कवर उतरवला, त्यातली एक आईकडे पाठवली.