डॅशवुड भगिनींचे चार महिने

जेन ऑस्टिनची ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’ (१८११) ही कादंबरी विवेक विरुद्ध भावना या चौकटीत वाचली जाते. परीक्षेला ते सोयीचे पडते. पण एलिनोर आणि मॅरिअन या बहिणींवरचा पहिला घाव प्रेमाचा नाही, वारशाचा आहे. वडील जातात, घर सावत्र भावाकडे जाते. बहिणींना तीन हजार पौंड द्यायचे त्याने ठरवलेले असते. त्याची बायको घासाघीस करत ते सामान हलवायला मदत आणि अधूनमधून मासळीची भेट इथवर आणते. शांतपणे केलेला इतका क्रूरपणा इतरत्र क्वचितच सापडेल.

बार्टनच्या लहानशा घरात मॅरिअनचा पियानो लागतो, एलिनोरची चित्रे भिंतीवर चढतात. सावरणे इथूनच सुरू होते. पुढे विलबी मॅरिअनला सोडून जातो आणि ती उघडपणे कोसळते. एडवर्डचे लग्न आधीच दुसरीकडे ठरले आहे, हे मात्र एलिनोर चार महिने पोटात ठेवते. तिला कोरडी म्हणणाऱ्यांनी हे चार महिने मोजलेले दिसत नाहीत.

ऑस्टिनने असे दुःख घरातच पाहिले होते. थोरली बहीण कॅसांड्रा हिचा वाग्दत्त वर १७९७ मध्ये वेस्ट इंडीजमध्ये तापाने गेला. १८०५ मध्ये वडील वारल्यावर आई आणि दोघी बहिणी भावांच्या आधाराने राहिल्या.

मॅरिअनचे कर्नल ब्रँडनशी लग्न घाईने उरकले आहे, हे मान्य. पण शेवटचे वाक्य दोघी बहिणींचे आहे: एकमेकींच्या जवळपास नजरेच्या टप्प्यात, न भांडता राहणाऱ्या.