ब्राउझरची प्रगती आणि मराठी मजकुराची ओळख : एक चिकित्सक विवेचन

सारांश

वेब ब्राउझर व वेब-निर्मितीची साधने यांत गेल्या पंचवीस वर्षांत झालेल्या बदलांमुळे मराठी मजकूर संगणकाच्या पडद्यावर निर्दोष दिसू लागला. मात्र 'दिसणे' आणि 'असणे' यांत भेद आहे. दिसायला सारखा असलेला मराठी शब्द संगणकाच्या लेखी वेगवेगळा असू शकतो. प्रस्तुत लेखात या भेदाची कारणमीमांसा करून नव्या साधनांच्या सामर्थ्याचे व मर्यादांचे परीक्षण केले आहे.

बीजसंज्ञा : ब्राउझर, युनिकोड, देवनागरी, फाँट, शोध, वेब-निर्मिती साधने.

१. प्रस्तावना

ब्राउझर हे आज केवळ पाने पाहण्याचे साधन राहिलेले नाही. सातबारा, पीक विमा, शिष्यवृत्ती, परीक्षेचा अर्ज अशी सामान्य नागरिकाची अनेक कामे ब्राउझरमधूनच होतात. त्यामुळे ब्राउझरमध्ये मराठी कशी वागते हा प्रश्न भाषाप्रेमाचा जितका आहे, तितकाच व्यवहाराचाही आहे. 'आता युनिकोड आले, नवे ब्राउझर आले, मराठीचा प्रश्न सुटला' असे सर्रास म्हटले जाते. हे विधान अर्धसत्य आहे. त्यातील सत्याचा अर्धा भाग कोणता आणि उरलेला कोणता, हे तपासणे आवश्यक ठरते.

२. पूर्वपीठिका : फाँटच्या बंधनातील मराठी

भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली 'इस्की' ही भारतीय लिप्यांसाठीची संकेतप्रणाली प्रमाणित केली. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली आणि तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्याच १९८८ च्या आराखड्यावर बेतलेली होती. म्हणजे पाया तयार होता. परंतु त्यावर घर उभे राहण्यास दशकभर लागले. दरम्यानच्या काळात मराठी मुद्रण व टंकलेखन निरनिराळ्या कंपन्यांच्या फाँटवर चालत असे. या फाँटमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसविलेले असत. संबंधित फाँट संगणकात नसेल तर वाचकाला अर्थहीन रोमन चिन्हांची रांग दिसे.

वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांनी यावर 'डायनॅमिक फाँट'चा उपाय शोधला. १९९७ साली आलेल्या नेटस्केप ४ आणि इंटरनेट एक्सप्लोरर ४ या दोन ब्राउझरांनी पानाबरोबर फाँट पाठविण्याची सोय दिली. पण दोघांचे प्रकार परस्परांना न चालणारे होते. शिवाय फाँट उतरला तरी मजकूर मुळात रोमन चिन्हांचाच राही. तो शोधयंत्राला सापडत नसे आणि दुसरीकडे नेऊन चिकटविला तर वाचता येत नसे.

विंडोज २००० मध्ये 'मंगल' फाँट व देवनागरी जुळणीची व्यवस्था आली. २००१ च्या विंडोज एक्सपीमध्ये ती सोय असली, तरी सामान्यतः ती वेगळी सुरू करावी लागे आणि त्यासाठी मूळ सीडी हाताशी असावी लागे. ती सुरू नसेल तर वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूस जाई व जोडाक्षरे फुटत. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला, तो याच संक्रमणकाळात.

३. दर्शनाचा प्रश्न : साध्य झालेले

पानाबरोबर फाँट पाठविण्याची कल्पना १९९८ च्या सीएसएस २ मध्ये होती, ती २.१ आवृत्तीत वगळली गेली आणि पुढे पुन्हा स्वीकारली गेली. सफारी ३.१ ने २००८ मध्ये व फायरफॉक्स ३.५ ने २००९ मध्ये तिला आधार दिला. 'वॉफ' हा वेबसाठीचा फाँट-प्रकार २०१२ साली वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमची अधिकृत शिफारस बनला, आणि अधिक संक्षिप्त 'वॉफ २' २०१८ साली. नेटस्केप व मायक्रोसॉफ्ट यांच्या दोन वाटा अशा रीतीने एका रस्त्याला मिळाल्या.

दुसरा बदल अक्षरजुळणीचा. देवनागरीत संकेतांचा क्रम आणि डोळ्यांना दिसणारा क्रम सारखा नसतो. 'कि' या अक्षरात वेलांटी नंतर साठविली जाते, पण आधी दिसते. हे काम करणारी 'हार्फबझ' ही मुक्त प्रणाली आज फायरफॉक्स व क्रोम या दोहोंत आहे. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचा 'मुक्त'सारखा खुला फाँट कोणालाही विनामूल्य वापरता येतो. २०२० मध्ये मायक्रोसॉफ्ट एजने क्रोमियमचा पाया स्वीकारला आणि जून २०२२ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर निवृत्त झाला. परिणामी वेब-निर्मात्याला तपासाव्या लागणाऱ्या प्रमुख प्रणाली तीनच उरल्या : ब्लिंक, गेको आणि वेबकिट. दर्शनाच्या पातळीवर ही प्रगती निर्विवाद होय.

४. ओळखीचा प्रश्न : अनुत्तरित राहिलेले

मराठीत 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोल जागा. फरक आहे तो रफार आणि आडवा र यांचा. 'आचार्यांना' व 'आचाऱ्यांना' या जोडीतही हाच भेद अर्थ बदलतो. हा आडवा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिला जातो. एका प्रकारात नुक्तायुक्त 'ऱ' व त्यास पायमोड असते; दुसऱ्यात साधा 'र', पायमोड आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह असते. शेतकऱ्यांना, शेतकर्‍यांना : हे दोन शब्द वाचकाला एकच वाटतील, संगणकाला मात्र ते भिन्न आहेत.

येथे युनिकोडचे सामान्यीकरण उपयोगी पडेल असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ते 'ऱ' आणि 'र अधिक नुक्ता' यांनाच समान मानते. अदृश्य जोडचिन्ह असलेल्या लेखनास ते हात लावत नाही. म्हणजे सामान्यीकरण केल्यावरही दोन 'शेतकऱ्यां'मधील दरी कायम राहते. धान खरेदीची सूचना एका पद्धतीने टंकलिखित झाली आणि भंडारा जिल्ह्यातील एखाद्या शेतकऱ्याने शोधचौकटीत दुसऱ्या पद्धतीने शब्द लिहिला, तर केवळ संकेतांची तुलना करणारा शोध 'काहीही आढळले नाही' असे उत्तर देईल. सूचना तेथे असते, शब्दही बरोबर असतो. तरी भेट होत नाही.

'ॲ' या स्वराची स्थिती अशीच आहे. या अक्षरास युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ च्या ५.१ आवृत्तीत. त्यापूर्वी आणि नंतरही अनेकांनी 'अ' वर चंद्र जोडून किंवा 'ऍ' वापरून काम भागविले. त्यामुळे 'ॲप', 'अॅप' आणि 'ऍप' असे तीन शब्द आज वेबवर नांदत आहेत व सामान्यीकरणाने ते एक होत नाहीत.

अक्षर मोजण्याचा प्रश्न याहून मूलभूत आहे. 'क्षत्रिय' या शब्दात मराठी वाचक तीन अक्षरे मोजतो. जावास्क्रिप्टची लांबी-मोजणी आठ सांगते, कारण ती संकेत मोजते. अशा मोजणीवर शीर्षक कापले गेले तर जोडाक्षराच्या मध्यावर सुरी चालते व शेवटी लोंबकळणारी पायमोड उरते. वास्तविक अक्षरसीमा शोधणारी 'इंटल सेगमेंटर' ही सोय क्रोममध्ये २०२० साली आली, पण फायरफॉक्समध्ये एप्रिल २०२४ पर्यंत नव्हती. तसेच देवनागरी जोडाक्षर अखंड ठेवण्याचा नियम युनिकोडच्या सर्वसाधारण नियमांत सप्टेंबर २०२३ च्या १५.१ आवृत्तीत समाविष्ट झाला. तोपर्यंत 'क्ष' हे त्या नियमांच्या लेखी एक अक्षर नव्हतेच. ज्या वर्णाला मराठी मूल बाराखडीच्या वयात एक मानते, त्याला जागतिक नियमांत एक मानले जाण्यास तीन दशके लागली.

५. निर्मिती-साधनांचे परीक्षण

२००६ मध्ये आलेल्या 'फायरबग'ने पानाचे अंतरंग ब्राउझरमध्येच उघडून दाखविले. आज प्रत्येक प्रमुख ब्राउझरमध्ये विकसक-साधने अंगभूत आहेत. एखादे अक्षर प्रत्यक्षात कोणत्या फाँटमधून आले हेही ती दाखवितात. ही सोय मराठी पानासाठी मोलाची आहे.

परंतु ही साधने जे तपासतात त्याचीच खात्री देतात. 'लाइटहाउस' हे तपासणी-साधन पानावर भाषेची नोंद आहे की नाही आणि ती वैध आहे की नाही, हे पाहते. ती नोंद खरी आहे का, हे या तपासणीत येत नाही. संपूर्ण मराठी पानावर तयार साच्यातील इंग्रजीची नोंद तशीच राहिली तरी पान या कसोटीला उतरते. या चुकीची किंमत दृष्टिहीन वाचक मोजतो. कारण पडदावाचक ही नोंद पाहून आवाज निवडू शकतो आणि मराठी मजकूर इंग्रजी आवाजाच्या हाती सोपविला जातो. फाँटमध्ये 'श' व 'ल' यांची खास मराठी वळणे असली, तरी तीही या नोंदीवाचून सामान्यतः प्रकट होत नाहीत.

अक्षरांमधील अंतर वाढविण्याची सीएसएसमधील सोयही अशीच. रोमन शीर्षकास ती शोभा देते. देवनागरीची शिरोरेषा मात्र तिने तुटते. साधन इशारा देत नाही, कारण त्याच्या दृष्टीने काहीच चुकलेले नसते. अनुक्रमाचेही तेच. जावास्क्रिप्टची साधी क्रमवारी 'काळ' हा शब्द 'काव्य'च्या आधी ठेवते, कारण संकेतांच्या यादीत 'ळ' हा 'व'च्या आधी येतो. वर्णमालेत मात्र त्याचे स्थान 'ह'नंतरचे आहे. भाषेनुसार क्रम लावण्याची सोय ब्राउझरमध्ये उपलब्ध आहे, परंतु ती मागावी लागते.

येथे एक आक्षेप संभवतो. मोठी शोधयंत्रे अशी भिन्न रूपे पुष्कळदा जुळवून घेतात. मग संकेतस्थळाने चिंता का करावी? याचे उत्तर असे की नागरिकाचे काम अडते ते संकेतस्थळाच्या आतील शोधात, लाभार्थ्यांच्या यादीत आणि अर्जाच्या पडताळणीत. तेथे मोठ्या शोधयंत्राची हुशारी पोहोचत नाही.

६. समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, ब्राउझरकडे बोट दाखविण्याचा काळ बऱ्याच अंशी संपला आहे. पूर्वी साधन अपुरे होते. आज साधन आहे, पण ते मराठीसाठी वापरले जाईलच असे नाही. जबाबदारी पान घडविणाऱ्याकडे, आणि म्हणून त्याला घडविणाऱ्या महाविद्यालयाकडे सरकली आहे. भाषेची खरी नोंद करणे, शोधापूर्वी आडवा र व 'ॲ' यांची रूपे एक करणे, अक्षरसीमा ओळखून मजकूर कापणे आणि मराठी क्रम मागणे, या चार गोष्टी पदवी वर्गाच्या प्रात्यक्षिकात सहज बसतील. त्यांना ना नवे यंत्र लागते, ना खर्च. विद्यार्थ्याच्या पहिल्या वेबपानावर इंग्रजी अभिवादनाऐवजी 'शेतकऱ्यांना' हा एक शब्द लिहून तो शोधून पाहण्यास सांगितले, तरी या लेखातील निम्मे प्रश्न त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतील.