बागुलबुवाचा पेच

मल्लविद्येवर टीकालेख, तोही दिवाळी अंकात, चकली-करंजीच्या सान्निध्यात! काही वाचकांच्या भुवया उंचावतील, हे मला ठाऊक आहे. पण जिथे शैली आहे, परंपरा आहे आणि त्या परंपरेशी घातलेला वादही आहे, तिथे टीकाकाराला मज्जाव का असावा? अमेरिकेतील सॅन दिएगोचा मल्ल डीन लिस्टर ह्याची कारकीर्द मी ह्याच नजरेने पाहत आलो. त्याचे टोपणनाव ‘बूगीमॅन’, म्हणजे आपला बागुलबुवाच.

आपल्या कुस्तीत पाठ मातीला लागली की कुस्ती सुटली. ज्याला सबमिशन ग्रॅपलिंग म्हणतात त्या प्रकारात पाठ लागून काहीच बिघडत नाही. सांधा वा गळा असा पकडायचा की समोरच्याने हाताने थाप मारून हार कबूल करावी. एवढ्या एका फरकाने सारी दृष्टीच पालटते. उताणा पडलेला माणूस येथे हरलेला नसतो. पुष्कळदा तो जाळे पसरून बसलेला कोळी असतो.

लिस्टरच्या तारुण्यात ह्या विद्येवर ब्राझिली जुजुत्सूचे राज्य होते. त्या घराण्यात मान होता तो गळ्याला आणि हाताला. पाय पिरगाळणे म्हणजे काहीसा हलका, आडदांड प्रकार. टाचेचा पेच तर तिथल्या मुख्य स्पर्धांतून वर्ज्यच होता. भीती निराधार नव्हती. प्रतिस्पर्ध्याची मांडी आपल्या दोन्ही पायांत जखडायची, पाऊल काखेत दाबायचे, टाच हाताच्या कोपरीत अडकवायची आणि अंग वळवायचे. पिळली जाते टाच, पण तुटतो गुडघा. आणि वेदनेचा निरोप पोचण्याआधीच कधी कधी आतले बंध गेलेले असतात. अशा पेचाला सभ्य लोक नाके मुरडणारच. लिस्टरने त्याच पेचावर आपली ओळख उभी केली. 2003 साली साओ पावलोला अबूधाबी स्पर्धेत तो वजनाचे बंधन नसलेल्या खुल्या गटाचा विजेता झाला, आणि 2011 मध्ये नॉटिंगहॅमला 99 किलोंच्या आतील गटात पुन्हा सुवर्णपदक घेऊन गेला. मध्ये आठ वर्षे! ह्या खेळात एवढ्या काळात एक पिढी येते आणि जाते.

परंतु पदकांवर त्याचे मोल करणे मला अपुरे वाटते. न्यूयॉर्कला जॉन डॅनाहर नावाचा तत्त्वज्ञानाचा अभ्यासक जुजुत्सू शिकवीत असे. त्याला लिस्टरने एकदा सहज विचारले, की माणसाच्या अर्ध्या शरीराकडे तुम्ही लोक दुर्लक्ष का करता? प्रश्न पोरानेही विचारावा इतका साधा. डॅनाहरने तो उराशी धरला आणि त्यातून पायांच्या पेचांचे एक शिस्तबद्ध शास्त्रच रचले. त्याचे शिष्य, गॅरी टोनन, एडी कमिंग्ज आणि गॉर्डन रायन, ते शास्त्र घेऊन पुढे आले, आणि काल ज्याला आडदांड म्हणत तेच सर्वत्र अभ्यासाचे झाले. लिस्टरनेही सॅन दिएगोत पुष्कळांना शिकवले. पण वस्ताद म्हणून त्याची सर्वांत मोठी शिकवणी ती एका वाक्याचीच, असे माझे मत आहे.

आता उणे. लाथाबुक्क्यांसह चालणाऱ्या मिश्र झुंजींत हा कलावंत मला नेहमी थोडा परका वाटला. यूएफसीत 2006 साली अलेस्सिओ साकाराचा गळा त्याने पायांच्या त्रिकोणात आवळला, ती झुंज देखणीच. पण 2007 मध्ये नेट मार्क्वार्ट आणि 2008 च्या अखेरीस युशिन ओकामी ह्यांनी त्याला पंचांच्या निर्णयावर हरवले. कोळ्याचे जाळे कितीही सुबक असो, माशी आली पाहिजे! ज्याला ठोसे मारता येतात त्याला जमिनीवरच्या निमंत्रणाचा मान राखण्याचे कारण नसते. लिस्टरची कला समोरच्याच्या संमतीवर फार अवलंबून होती, हा तिचा खरा दोष. आणि तो उभ्याने लढण्याच्या चार युक्त्या शिकून जाण्यासारखा नव्हता.

ह्या कारकिर्दीवरची सर्वांत मार्मिक टीका मात्र आखाड्यातच झाली. 9 ऑगस्ट 2014 रोजी लॉस एंजेलिसला लिस्टर जोश बार्नेटसमोर उभा राहिला. सुमारे सोळा वर्षे स्पर्धेत कोणी त्याला थाप मारायला लावली नव्हती. नियम असा, की गुण नाहीत. वीस मिनिटांत कोणी हार मानली नाही तर बरोबरी. बार्नेट वजनाने बराच भारी आणि जुन्या पाश्चात्त्य ‘कॅच’ कुस्तीचा अभिमानी. तो टाचेच्या वाटेला गेला नाही. बगलेशी बसून त्याने लिस्टरच्या मानेभोवती हात टाकला आणि सारा भार त्याच्या छातीवर लोटला. निव्वळ दाब! आपल्या तालमीतल्या म्हाताऱ्या वस्तादाने मान डोलवावी असा. पाठ जमिनीला लागण्याचे भय ज्याने आयुष्यभर बाळगले नाही, त्याच्या फासळ्या त्या जमिनीवरच दबत गेल्या. वीस मिनिटे संपण्याच्या बेतात होती, बरोबरी हाताशी होती, आणि तेव्हा लिस्टरने थाप मारली.