अनुभवातून मापन व भूमिती : एका पाठ्यपुस्तकाची चिकित्सा

प्रस्तावना

राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ने बालकाच्या विचारप्रक्रियेचे गणितीकरण हे गणित-शिक्षणाचे मुख्य उद्दिष्ट मानले. ‘जीवनानुभवातून गणित’ हे सूत्र त्यानंतर शिक्षक-प्रशिक्षणात रूढ झाले. परंतु अनुभव कोणता व कशासाठी, याचा विचार मात्र मागे पडला. जॉन ड्यूई यांनी १९३८ मध्येच ‘एक्सपिरियन्स अँड एज्युकेशन’ या ग्रंथात सर्वच अनुभव सारखे शिक्षणदायी नसतात, असे प्रतिपादन केले होते. या निकषावर राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या ‘मॅथ-मॅजिक’ मालेतील इयत्ता पाचवीचे पुस्तक तपासणे उद्बोधक ठरते. या मालेची जागा आता नव्या पुस्तकांनी घेतली असली, तरी तिने उपस्थित केलेला प्रश्न कायम आहे.

पाठाचे सामर्थ्य

क्षेत्रफळ व परिमितीच्या पाठात एक राजा सुताराला १०० मीटर तारेने वेढता येईल तेवढी जमीन देऊ करतो. सुतार प्रथम १० × ४० मीटरचा आयत करतो. क्षेत्रफळ ४०० चौ. मी. भरते. नंतर ३० × २० मीटरच्या आयतात ६०० चौ. मी. जमीन मिळते. तार तेवढीच, जमीन मात्र दीडपट! वास्तविक राजा कोणत्याही मुलाच्या जीवनानुभवात नाही. तथापि ‘कुंपण सारखे तर जमीन सारखी’ हा व्यवहारातून सहज होणारा समज येथे ढासळतो. याउलट विती मोजून बाकाची लांबी लिहिणे हा परिचित अनुभव असूनही पुष्कळदा नोंदीपाशीच थांबतो. दोन मुलांच्या विती निरनिराळ्या का भरल्या, हे विचारले गेले नाही, तर प्रमाणित परिमाणाची गरज मुलांना जाणवतच नाही.

मर्यादा

अखिल भारतीय पुस्तकात महाराष्ट्रातील गुंठ्याला स्थान मिळणे कठीण. घरी गुंठा व शाळेत चौरस मीटर, अशी फारकत त्यामुळे राहते. ३३ × ३३ फूट, म्हणजे १०८९ चौ. फूट, हा एक गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. ११ × ९९ फुटांचा पट्टाही एक गुंठाच भरतो. परंतु चौरसाला १३२ फूट, तर पट्ट्याला २२० फूट कुंपण लागते. वाटणीत लांबट पट्टा वाट्याला आलेल्या शेतकऱ्याच्या मुलाला या ८८ फुटांचा अर्थ वेगळा समजवावा लागत नाही. राजाच्या गोष्टीचा हा व्यत्यास शिक्षकानेच वर्गात आणावयास हवा.

समारोप

सारांश, परिचित वस्तूंची नावे उदाहरणांत घातल्याने अध्यापन अनुभवाधिष्ठित होत नाही. अनुभवाने मुलाचा कोणता समज कसोटीला लावला, हाच खरा निकष होय. अध्यापक विद्यालयांनी पाठ-निरीक्षणात साहित्याच्या यादीइतकेच या प्रश्नालाही महत्त्व देणे अगत्याचे आहे.